हिरवं लाकूड

सांता अपोलोनियाच्या तांब्याच्या भट्टीवर एरास्मो तापियाच्या हातात चमचा होता. फावडं धरणारे पुष्कळ, घण धरणारे पुष्कळ, पण चमचा एकाचाच. पुरुषभर लांब दांड्याचा तो लोखंडी चमचा भट्टीच्या दारातून आत जायचा, वितळलेलं तांबं घेऊन बाहेर यायचा, आणि ते बत्ताशाएवढं तांबं थिजेपर्यंत सगळी पाळी एरास्मोच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तो ‘झालं’ म्हणाला की ओतायचं. ‘नाही’ म्हणाला की पुन्हा कामाला लागायचं. त्याच्या भुवया कधीच्याच जळून गेल्या होत्या, त्यामुळे त्याच्या तोंडावरून आधी काही ओळखताही यायचं नाही.

एकदा सान लोरेन्सोच्या सणाला खाली चौकात ढोल वाजायला लागले, बायका नवे झगे घालून उभ्या राहिल्या, आणि हा बाबा भट्टीपाशी ‘नाही’, ‘नाही’ करत बसला. नाच संपला, दारू संपली, तेव्हा कुठे त्याचं ‘झालं’ आलं. पोरांनी त्याला आईमाईवरून शिव्या घातल्या. त्याने चमचा पुसला, जागेवर टांगला आणि घरी जाऊन झोपला. पण त्या ओतीतली एकही वडी तडकली नाही, हेही शिव्या घालणाऱ्यांनीच पुढे सांगितलं.

डोंगरातून दगडाच्या पोटातलं तांबं काढणं हे एका दमाचं काम नाही. दगड दळायचा, तेलपाण्यात घुसळायचा, फेसाबरोबर तांब्याची माती वर येते ती घ्यायची. ती वितळवायची, वर तरंगणारा मळ ओढून टाकायचा, गंधक जाळायचं. त्या धुराने कामगारांचा अख्खा कँप खोकायचा. एवढं सोसूनही तांबं घाणेरडंच राहतं. मग एरास्मोच्या भट्टीत त्यात वारा फुंकायचा, म्हणजे उरलीसुरली घाण जळते. घाण जाते, पण वारा आत ठाण मांडतो. उंदरांसाठी मांजर आणावं आणि मांजरानेच दूध फस्त करावं, तसला प्रकार! वारा राहिलेलं तांबं ठिसूळ होतं. त्यावर औषध एकच, हिरवं लाकूड. ओला, रसरशीत ओंडका तांब्यात खुपसला की त्याचा रस उकळतो, तांबं खदखदतं आणि आतला वारा ओंडक्याच्या धुराबरोबर निघून जातो. वाळकं लाकूड चालत नाही. ते वरच्यावर जळून राख होतं.

आणि सांता अपोलोनिया अशा वाळवंटात, की कुत्र्याला तंगडी वर करायला झाड सापडू नये. निलगिरीचे ओले ओंडके दक्षिणेकडून आगगाडीने यायचे. भट्टीचं जळाऊ तेलही त्याच गाडीने. गाडी कधी चुकली नव्हती, म्हणून ती चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या फेब्रुवारीत वर डोंगरात पाऊस कोसळला, कोरड्या नाल्याला पूर आला आणि पूल वाहून गेला. तार आली तेव्हा भट्टी काठोकाठ भरलेली होती.

सकाळी उरलेले सगळे ओंडके संपले. एरास्मोने चमचा बाहेर काढला. तांब्याची टिकली थिजली आणि तिच्या मधोमध खड्डा पडला. खड्डा म्हणजे वारा अजून आत आहे. वरचा भाग सपाट थिजला पाहिजे, आरशासारखा. 

“नाही,” तो म्हणाला.

मग चौकातली झाडं कापून आणली. चारच होती, केरसुणीच्या दांड्याएवढी. भट्टीने ती चणेफुटाणे खाल्ल्यासारखी खाल्ली. पुन्हा चमचा, पुन्हा खड्डा.

“कोंपाद्रे,” पाळीचा मुकादम बेलिसारियो जवळ येऊन हळूच म्हणाला. पोट सुटलेला, एरवी तोंडाळ माणूस, पण आज त्याचा आवाज बसला होता. “वाळूत ओतून मोकळे होऊ या का? पुढे बघू.”

“वर बघ,” एरास्मो म्हणाला.

छपराच्या पत्र्यांना पाऊस म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. रात्रीच्या सरीने सगळी भोकं दाखवली होती. खालचा वाळूचा पट्टा काळा पडला होता, ओलाकिच्च. ओल्या वाळूत तांबं ओतलं की त्याची तोफ होते.

“मग साच्यात ओत. साच्यांच्या चाकावर पाणी पडलेलं नाही.”

“या असल्या तांब्याने साचे धरून ठेवले, सोडलेच नाहीत, तर? पहिल्याच फेऱ्यात चाक अडकेल. उरलेलं आत राहील.”

“आणि तेल?”

उत्तर द्यायची गरज पडली नाही. तेलवाल्याने टाकीवर पाना आपटला. टाकी वरपासून कमरेपर्यंत रिकामी वाजली, खाली कुठेतरी बद्द आवाज आला. संध्याकाळपर्यंत, फार तर. तेल संपलं की जाळ विझणार, जाळ विझला की एवढं सगळं तांबं भट्टीच्या पोटात एका दगडाचं होऊन बसणार. पूर्वी एकदा तसं झालं होतं. गोठलेलं तांबं सुरुंग लावून फोडताना लिंदोर्फोचा बाप गेला. आता लिंदोर्फो इथेच ओंडके ढकलायला होता, बैलासारखा आडदांड आणि गप्प. आणि आता कंपनी भट्टी फोडायच्या भानगडीतही पडणार नव्हती. शेजारचा एल कार्मेन कँप असाच बंद झाला. पत्रे नेले, दारं नेली, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा नेल्या. जे नेता आलं नाही ते मागे राहिलं, कबरस्तान.

कँपात आणखी एक हिरवं झाड होतं, चांगलं डेरेदार, पिमिएंतोचं, म्हणजे गुलाबी मिरीचं. ते कुठे आहे हे आंधळ्यालाही वासावरून सांगता आलं असतं. लिंदोर्फो बुटांकडे बघत होता. बेलिसारियो मिशी चावत होता. सगळ्यांच्या मनात तेच झाड, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. ते झाड एरास्मोच्या परसात होतं.

एरास्मोने चमचा टांगला. “मी घरी जाऊन येतो,” एवढंच म्हणाला. बेलिसारियो त्याच्या मागोमाग निघाला, पण गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचे पाय थबकले.

ओतिलिया पावाचं पीठ मळत होती. मळून झालेल्या गोळ्यावर तिने फडकं टाकलं आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर तांब्याच्या चार सपाट टिकल्या ठेवल्या. एरास्मोने चमच्यातून आणलेल्या जुन्या टिकल्या. वाऱ्याने फडकं उडू नये म्हणून त्या घरात त्यांचा हाच उपयोग होता. 

“पाव अजून व्हायचाय,” ती मागे न बघता म्हणाली.

“मी पावासाठी नाही आलो.”

“ते मला कळतं. सकाळी चौकातली झाडं पडली तेव्हाच कळलं. म्हटलं बघू या, माझ्याकडे कोण तोंड घेऊन येतं ते. तुला पाठवलं होय? बेलिसारियोला काय झालं?”

“तो कोपऱ्यावर उभा आहे. त्याला धीर होत नाही.”

“होणार कसा! बाप्तिस्म्याच्या वेळी आपली पोर त्याच्या हातात होती, म्हणून तर तुम्ही कोंपाद्रे. तिच्या झाडावर करवत चालवायला धर्मबाप येणार?”

झाड खरं म्हणजे पोरीच्याही आधीचं. नवी नवरी म्हणून ओतिलिया खालच्या खोऱ्यातून आली ती दुधाच्या डब्यात बोटभर रोप घेऊन. पाणी इथे टाकीच्या गाडीने यायचं, मोजून मिळायचं. तिने बटाटे धुतलेलं पाणी घातलं, कपडे खळबळलेलं घातलं, आंघोळीचं घातलं. शेजारची दोन्या सोइला सगळ्यांना सांगायची, “ओतिलिया नवऱ्याला पारोसा ठेवते आणि झाडाला न्हाऊ घालते.” झाडाने मात्र उपकार फेडले. मोठं झालं, सावली पडली, गुलाबी मिरीचे घोस लोंबायला लागले. आणि मग मिरेया झाली.

दर वर्षी मिरेयाच्या नावाच्या संताच्या दिवशी तिला बुंध्याला टेकवून उभी करायची आणि डोक्यापाशी सुरीने खूण करायची. दुसऱ्या वर्षाची, तिसऱ्याची, चौथ्याची. चौथ्या वर्षाची खूण ओतिलियाच्या एप्रनच्या खिशाला लागायची. पोर जाता-येता त्या खिशात हात घालून मनुका चोरायची. पाचव्या वर्षाची खूण करायची वेळच आली नाही. घशाच्या साथीत ती गेली. पुढे झाड वाढतच राहिलं, पण खुणा जिथल्या तिथे राहिल्या, फक्त रुंद झाल्या. एरास्मो त्या बाजूने कधी जायचा नाही. परसात जायचं असलं तरी वळसा घालून जायचा.

“नाही,” ओतिलिया म्हणाली. “नाही म्हणजे नाही. तुझ्या तोंडून हा शब्द सगळ्या कँपाने ऐकलाय. आज तू ऐक.”

तो दारातच उभा राहिला.

“तेल संध्याकाळपर्यंत आहे, म्हातारे.”

“असू दे.”

“गोठलं तर एल कार्मेन होईल.”

“होऊ दे! पत्रे नेतील, नेऊ देत. मी माझ्या आईच्या गावी जाईन. तिथे झाडंच झाडं आहेत.”

“आपण जाऊ गं. आपलं काय.” त्याने खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. तिथे लोखंडी क्रूस आणि कागदी फुलं होती. “तिला कुठे नेणार?”

ओतिलियाने पिठाचा गोळा उचलला आणि पाटावर असा आदळला की टिकल्या उडाल्या. “हे तू मला शिकवतोस? दर रविवारी त्या कबरीवरची धूळ कोण पुसतं, तू? तू तर फाटकातच उभा असतोस, टोपी हातात धरून! वर्षानुवर्षं!”

त्याने मान खाली घातली. खोटं नव्हतं ते. तिला स्वतःचाच आवाज चढलेला ऐकू आला. मग खाली वाकून तिने एकेक टिकली गोळा केली.

“करवत कुणाकडे आहे?” 

“लिंदोर्फोकडे.”

“त्याला म्हणावं, खुणांचा बुंधा वेगळा काप. तो सगळ्यात शेवटी. लागला तरच. नाही लागला तर माझ्या दारात परत आणून ठेवायचा.”

“बरं.”

“आणि मी येणार आहे.”

“ओतिलिया, भट्टीत बाई—”

“बाई आली की तांबं रुसतं, माहीत आहे! इतकी वर्षं तुमचे डबे फाटकात ठेवून परत येतेय मी. आज माझं झाड जातंय आणि मी घरात पाव भाजत बसू? तांब्याला रुसायचं असेल तर मला सांग म्हणावं. मीही रुसलेय.”

झाड पाडताना लिंदोर्फोने आधी टोपी काढली आणि मगच करवत लावली. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. दोन्या सोइलाही होती, आणि तिला त्या दिवशी एक टोमणा सुचला नाही.

झाडाच्या ओंडक्यांची ढकलगाडी भट्टीच्या शेडमध्ये शिरली आणि तिच्यामागून ओतिलिया, एप्रनला पीठ लागलेलं तसंच. माणसं दोन्ही बाजूंना सरली. एकाने क्रूसाची खूण केली. “काय बघताय? जाळ बघा!” बेलिसारियो त्यांच्यावर खेकसला, आणि स्वतः मात्र तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळत राहिला. गाडीवरून खुणांचा बुंधा उतरवला तेव्हा ओतिलियाने तो आपल्यापाशी घेतला, भिंतीशी आडवा ठेवला आणि त्याच्यावर बसली. तो आता तिला उठवल्याशिवाय कुणाला उचलता येणार नव्हता.

पहिली फांदी आत गेली. तांबं गुरगुरलं, उसळलं, दारातून हिरवी ज्वाळा बाहेर आली. पिमिएंतोचा रस तांब्यात उकळला आणि सगळ्या शेडमध्ये मिरीचा तिखट धूर भरला. माणसं शिंकायला लागली, डोळे गळायला लागले. ते एका अर्थी बरंच झालं. कुणाचे डोळे कशाने गळतायत हे कुणी कुणाला विचारलं नाही.

चमचा. खड्डा, पण सकाळपेक्षा उथळ.

“नाही.”

दुसरा ओंडका, तिसरा. तेलवाल्याने टाकीवर पाना आपटला. टाकी आता गुडघ्यापर्यंत रिकामी वाजत होती.

“नाही.”

वरची जाड फांदी गेली, जिला मिरेयाचा झोका होता. दोराने घासून तिथे साल झिजली होती. एरास्मोने ते पाहिलं आणि लिंदोर्फोला म्हणाला, “ढकल, काय बघतोस.” लिंदोर्फो घामाने निथळत होता. मग आणखी एक, मग शेंड्याकडच्या फांद्यांचा भारा. गाडी रिकामी झाली. तेलवाल्याने पाना अगदी तळाशी आपटला, आणि तिथेसुद्धा पोकळ आवाज आला. त्याने सगळ्यांकडे बघून हात पसरले.

एरास्मोने चमचा आत घातला. बाहेर काढला. टिकली थिजली, त्याने ती पाण्यात बुडवून हातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिला. मधोमध किंचित बाक होता, अंगठा टेकवल्यासारखा. अजून एक ओंडका. एकच. त्याने भिंतीकडे बघितलं नाही. जन्मभरात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण ही टिकली नीट पाहिलीच नसती तर बरं झालं असतं. ठिसूळ निघतील थोड्या वड्या. निघू देत. कदाचित चाक अडकणारही नाही. कदाचित.

“झालं,” तो म्हणाला.

“झालं!” बेलिसारियो ओरडला. “चाक सोडा! चला, चला—”

“थांबा,” ओतिलिया म्हणाली. “इकडे दाखव.”

“काय दाखवायचंय त्यात? झालं म्हणतोय ना मी.”

“दाखव, म्हाताऱ्या.”

त्याने टिकली तिच्या तळहातावर ठेवली. देताना त्याने नजर दुसरीकडे वळवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, टिकलीकडे नाही. मग तिने बेलिसारियोचा चहाचा डबडा मागून घेतला, बोट बुडवलं आणि चहाचा एक थेंब टिकलीवर सोडला. टिकली कलती केली. थेंब मधोमध बसून राहिला, ओघळला नाही.

“ही बाहुलीची वाटी आहे,” ती म्हणाली.

फसलेल्या टिकल्या एरास्मो मिरेयाला खेळायला नेऊन द्यायचा. ती त्यात बाहुलीला थेंबभर चहा पाजायची. थेंब राहिला तर वाटी, ओघळला तर टिकली आईच्या फडक्यावर. हीच तिची परीक्षा होती, आणि ती कधी चुकली नव्हती.

“थोडासाच आहे गं बाक,” तो म्हणाला. “चालून जाईल.”

“आणि नाही चाललं तर? झाडही गेलं, कँपही गेला, पोरही एकटी पडली. तू चमच्यावर कधी खोटं बोलला नाहीस, एरास्मो. सान लोरेन्सोच्या दिवशी माझा नवा झगा कोरा राहिला, तेव्हासुद्धा नाही. आज पोरीच्या नावावर बोलू नकोस.” 

ती उठली.

लिंदोर्फो पुढे आला नाही. तो नुसताच उभा राहिला, हात लोंबकळत. बेलिसारियो वळून भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. ओतिलियाने बुंध्याचं एक टोक धरलं. दुसरं एरास्मोने धरलं. खुणा वरच्या बाजूला आल्या आणि त्याने त्या इतक्या वर्षांनी जवळून पाहिल्या. तिसऱ्या वर्षाची खूण तिरपी होती; पोर त्या दिवशी उभी राहायला तयार नव्हती. 

भट्टीच्या दाराशी त्यांनी बुंधा टेकवला. “मागे हो, पोळेल,” तो म्हणाला. ती मागे झाली नाही. लोखंडी सळ्या लावून दोघांनी तो आत लोटला.

तांबं पोटातून गडगडलं. धूर आला, तिखट, जाडजूड, आणि त्यात एकमेकांचं तोंड दिसेना. तेलाचा जाळ एकदा फडफडला. “लवकर, कोंपाद्रे, लवकर रे,” बेलिसारियो कुठूनतरी म्हणत होता. एरास्मो हलला नाही. तो तांब्याचा आवाज ऐकत होता. गडगड कमी झाली, खदखद झाली, नुसती कुजबुज राहिली. तेव्हा त्याने चमचा आत घातला.

टिकली थिजली. त्याने ती पाण्यात बुडवून ओतिलियाच्या हातावर ठेवली. तिने चहाचा थेंब सोडला आणि टिकली किंचित कलती केली. थेंब सरळ ओघळून जमिनीवर पडला.

“झालं,” ती म्हणाली. चमच्याचा शब्द त्या भट्टीत एरास्मोखेरीज दुसऱ्या कुणी उच्चारण्याची ती पहिलीच वेळ, पण कुणी हरकत घेतली नाही. “ओता.”

चाक फिरायला लागलं. साच्यांमागून साचे भरत गेले, लालबुंद, सपाट, एकालाही बाक नाही. शेवटची वडी ओतली आणि जाळ आपसूक विझला. माणसं असेल तिथे खाली बसली. लिंदोर्फो मुसमुसत होता आणि मिरीला शिव्या देत होता. कँप राहिला. रविवार राहिले.

एरास्मोने चमचा पुसला, टांगला आणि ओतिलियाजवळ येऊन उभा राहिला. “रविवारी,” तो म्हणाला, “मी आत येईन. फाटकात नाही थांबणार.”

तिने मान हलवली. टिकली अजून कोमट होती. फडक्यासाठी तिच्याकडे चार होत्या, पाचवी नको होती. तिने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि वरून हात ठेवला. ज्या उंचीवर मिरेयाचं डोकं यायचं, तिथे.